आरसा मोठा की बैठक भक्कम? आकाशाच्या छायाचित्रणाची पहिली वीस वर्षे (१८८०–१९००)

१/
दुर्बीण घ्यायची ठरली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आरसा किती इंची? दुर्बिणीला पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या बैठकीचा विचार मागाहून, उरलेल्या पैशांत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच निवड काही हौशी माणसांपुढे होती. त्यांत एक डॉक्टर होता, एक सांडपाणी-व्यवस्थेचा अभियंता, एक गालिच्यांचा कारखानदार आणि एक बांधकाम कंत्राटदार. आकाशाचे छायाचित्र घेताना काय बिघडते आणि ते कसे सावरायचे, हे प्रथम त्यांनी स्वतःच्या खर्चाने शोधून काढले. हा थ्रेड त्या शोधाविषयी.

२/
आरंभ आयर्लंडपासून करावा लागतो. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी बर येथील आपल्या वाड्याच्या आवारात ७२ इंची धातूच्या आरशाची दुर्बीण उभारली. तिच्यातून त्यांना एका तेजोमेघाचा सर्पिल आकार दिसला आणि त्यांनी तो हाताने रेखाटला. परंतु ही अवाढव्य नळी दगडी भिंतींच्या जोडीमध्ये टांगलेली होती. आकाशाचा जो भाग त्या भिंतींच्या फटीसमोरून सरके, तोच पाहता येई, आणि तोही मर्यादित वेळ. डोळ्याने पाहण्यास एवढे पुरेसे होते. छायाचित्रासाठी नव्हते.

३/
कारण पृथ्वी थांबत नाही. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. ३७ मिनिटांत हे सरकणे ९ अंशांहून अधिक होते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या सुमारे १८ पट. साडेसतरा फूट नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हेच गणित मांडले, तर स्थिर काचेवर ताऱ्याची प्रतिमा दर सेकंदाला मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाहून अधिक घसरते आणि ३७ मिनिटांत तब्बल ८६ सेंटीमीटर. प्रकाशाचा बिंदू मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान हवा असतो. एका सेकंदाची चूकसुद्धा काचेवर उमटते ती त्यामुळेच.

४/
बराच काळ ही अडचण कोणाला फारशी जाणवलीच नाही, कारण तिच्या आधी दुसरी अडचण उभी होती. ओल्या कलोडियनच्या काचा ओल्या असेपर्यंतच काम देत, म्हणजे जेमतेम काही मिनिटे. तेवढ्यात चंद्र येई, सूर्य येई, ठळक तारे येत. अंधूक तेजोमेघ येत नसत. १८७१ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. आता तासभर प्रकाश साठवता येत होता. प्रश्न उरला तो दुर्बिणीला तासभर ताऱ्यामागे अचूक चालवण्याचा.

५/
हेन्री ड्रेपर हे न्यूयॉर्कचे डॉक्टर आणि प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी बरची दुर्बीण प्रत्यक्ष पाहिली होती. मायदेशी परतून त्यांनीही धातूचा आरसा घासावयास घेतला, पण तो थंडीत तडकला. मग जॉन हर्शेल यांच्या सल्ल्यावरून ते चांदी चढवलेल्या काचेच्या आरशाकडे वळले. धातूचा आरसा काळवंडला की पुन्हा घासावा लागे आणि घासताना त्याचा नेमका आकार बिघडण्याचे भय असे. काचेवरची चांदी काळी पडली तर ती काढून नवी चढवता येते. खालचा आकार अबाधित राहतो. १८६४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केलेला त्यांचा प्रबंध पुढील हौशी दुर्बीणकारांचा मार्गदर्शक ठरला.

६/
ड्रेपर यांची पुढची निवड तर अधिकच बोलकी आहे. १८७२ पासून त्यांच्यापाशी स्वतः केलेला २८ इंची आरसा होता. तरीही ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री मृगातील तेजोमेघाकडे त्यांनी रोखली ती क्लार्क यांच्या कारखान्यातील अवघी ११ इंची भिंगाची दुर्बीण. प्रकाशनाचा काळ ५१ मिनिटे. कोणत्याही तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. पुढे मार्च १८८२ मध्ये त्यांनी हाच काळ १३७ मिनिटांपर्यंत नेला. त्या दोन तासांहून अधिक अवधीत घड्याळयंत्र चुकले असते, तर भिंगाच्या गुणवत्तेचा काहीच उपयोग नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ४५ व्या वर्षी, ड्रेपर यांचे निधन झाले.

७/
सूत्र आता अटलांटिकच्या पलीकडे गेले. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन नावाचे अभियंते राहत. दिवसा सांडपाण्याच्या व्यवस्थेचे काम, रात्री घरामागच्या बागेत दुर्बीण. त्यांनी साडेपाच इंची भिंगापासून सुरुवात केली, मग १८ इंची आरसा घेतला आणि १८७९ मध्ये जॉर्ज कॅल्व्हर यांच्याकडून ३६ इंची आरसा करवून घेतला. आरसा त्यांनी विकत घेतला, पण बैठक स्वतः आखली. वजन, घर्षण आणि तोल हे त्यांच्या पेशाचेच प्रश्न होते.

८/
विषुववृत्तीय बैठकीचे तत्त्व सोपे आहे. एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा. मग दुर्बीण त्या एकाच अक्षाभोवती संथ गतीने फिरवली की तारा जागचा हलत नाही. व्यवहारात मात्र अवजड अक्ष अडखळतो, अडकतो, मग धक्का घेऊन पुढे सरकतो, आणि काचेवर तारा लांबट येतो. कॉमन यांनी अक्षाचा बराचसा भार पाऱ्यावर तरंगता ठेवला. त्यामुळे घर्षण घटले आणि घड्याळयंत्राला ते ओझे सुरळीत ओढता येऊ लागले.

९/
त्यांची दुसरी युक्ती अधिक दूरगामी होती. यंत्र कितीही उत्तम असले तरी थोडे चुकणारच, हे त्यांनी गृहीत धरले. मग प्रत्येक चुकीसाठी सगळी दुर्बीण हलवण्याऐवजी त्यांनी काच धरणारी चौकटच एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन सरकपट्ट्यांवर बसवली. चौकटीलाच जोडलेल्या नेत्रिकेतून काचेच्या कडेचा एक तारा तारांच्या फुलीवर धरायचा. तो सरकला की स्क्रू फिरवून काच त्याच्यामागे न्यायची. आज हौशी छायाचित्रकाराचा छोटा मार्गदर्शक कॅमेरा आणि संगणक रात्रभर करतात ते हेच. तेव्हा ते डोळा आणि बोटे करीत, थंडीत, अंधारात, क्षणाचीही विश्रांती न घेता.

१०/
३० जानेवारी १८८३ रोजी कॉमन यांनी मृगातील त्याच तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे छायाचित्र घेतले. त्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही काचेवर उमटले होते. डोळ्याहून काच अधिक पाहू शकते, हे आता दाखवण्याजोगे सत्य झाले. पुढच्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

११/
याच काळात बांधकाम कंत्राटदार आयझॅक रॉबर्ट्स यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची परावर्तक दुर्बीण घेतली आणि छायाचित्र घेत असताना तारा धरून ठेवण्यासाठी त्याच बैठकीवर ७ इंची भिंगाची स्वतंत्र दुर्बीण बसवली. १८८८ च्या अखेरीस त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात देवयानीतील ‘तेजोमेघा’ची सर्पिल रचना स्पष्ट दिसली. कॉमन यांच्या आरशाहून हा आरसा कितीतरी लहान होता.

१२/
कॉमन स्वतः मात्र मोठ्या आरशाच्या मोहातून सुटले नाहीत. १८८५ मध्ये ३६ इंची दुर्बीण विकून त्यांनी ६० इंचीचा ध्यास घेतला. पहिल्या आरशात तारे लांबट दिसू लागले, म्हणून दुसरा घासला. निरीक्षकाची जागा जमिनीपासून फार उंच होती. एका रात्री त्या मचाणावरून ते पडता पडता वाचले. त्यानंतर त्यांनी रचना बदलून पाहिली, पण मनाजोगे काम होईना. ३६ इंचीने जे साधले ते ६० इंचीने कधीच साधले नाही. पुढे त्यांचे लक्ष तोफांच्या नेमदुर्बिणींकडे वळले.

१३/
विकलेल्या ३६ इंची दुर्बिणीचे काय झाले? ती घेतली हॅलिफॅक्सचे गालिच्यांचे कारखानदार एडवर्ड क्रॉसली यांनी. कारखान्यांच्या धुराने आणि ढगांनी झाकलेल्या त्या गावात एवढ्या आरशाला खरे काम मिळेना. १८९५ मध्ये त्यांनी ती घुमटासह कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला देऊन टाकली. तेथे जगप्रसिद्ध ३६ इंची भिंगाची दुर्बीण आधीच होती. तिच्यापुढे बागेतल्या हौशी माणसाचे हे यंत्र तेथील खगोलज्ञांना डुगडुगते आणि कालबाह्य वाटले. संचालक होल्डन यांनी हे काम विल्यम हसी यांच्यावर सोपवले; हसींनी नकार दिला. या वादाची भर आधीच्या असंतोषात पडली आणि १८९७ मध्ये होल्डन यांना पद सोडावे लागले.

१४/
जून १८९८ मध्ये जेम्स कीलर संचालक झाले. भिंगाची मोठी दुर्बीण त्यांना सहज घेता आली असती. त्यांनी स्वतःसाठी नाकारलेली क्रॉसली दुर्बीण निवडली. मग दुरुस्ती सुरू झाली. बैठक इंग्लंडच्या अक्षांशांसाठी घडवलेली होती; ईलिंग सुमारे ५१.५ अंशांवर, तर लिक वेधशाळा सुमारे ३७ अंशांवर. अक्षाचा कल चुकला तर घड्याळयंत्र कितीही नेमके असो, तारा हळूहळू सरकतोच. त्यांनी अक्ष जुळवला, चालना सुधारली, काचेची चौकट नीट केली. आरसा मूळचाच उत्तम होता. दोष त्याच्या आधारात होता.

१५/
त्यानंतरच्या दोन वर्षांत या दुर्बिणीने जे टिपले त्याने खगोलशास्त्राची दिशा बदलली. जवळजवळ प्रत्येक काचेवर ठरवलेल्या तेजोमेघाखेरीज इतर लहान, अनोळखी तेजोमेघही सापडू लागले. आपल्या दुर्बिणीच्या आवाक्यात असे सुमारे १,२०,००० तेजोमेघ असावेत आणि त्यांतील बहुसंख्य सर्पिल असावेत, असा अंदाज कीलर यांनी मांडला. हे सर्पिल म्हणजे आपल्यासारख्याच दीर्घिका आहेत, हे ठरण्यास आणखी पाव शतक जायचे होते. ते पाहण्यास कीलर उरले नाहीत. १२ ऑगस्ट १९०० रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१६/
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. कीलर संचालक होण्याच्या काही महिने आधी, २२ जानेवारी १८९८ रोजी, लिक वेधशाळेचेच विल्यम कॅम्पबेल खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आले होते. त्यांच्यापाशी ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवणार कशी? ती फिरवायचीच नाही, असे या कॅमेऱ्याचे उत्तर होते. नळी सूर्याच्या गणिताने काढलेल्या जागेवर रोखून स्थिर ठेवायची आणि घड्याळयंत्राने केवळ काच सरकवायची. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. चूक झाली तर दुसरी संधी नाही.

१७/
त्याच जेऊरला पुण्याचे पथकही होते. त्याचे प्रमुख होते कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते संचालक. तेथील मुख्य दुर्बीण होती ग्रब यांचीच २० इंची परावर्तक; माप आणि निर्माता, दोन्ही रॉबर्ट्स यांच्या दुर्बिणीचे. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

१८/
१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि ती वेधशाळा बंद करण्यात आली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. आरसा तोच, नळी तीच. पण पुणे सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे आणि कोडाईकनाल सुमारे दहा. तेथे तिला पुन्हा आकाश दाखवायचे, तर पहिले काम आरशाचे नव्हते. कोणीतरी स्तंभापाशी बसून अक्षाचा कल साडेआठ अंशांनी उतरवायचा होता.