पंप खाली बसवावा की वर?

चार मजली इमारत आहे. तळमजल्यावरच्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आहे. पंप हौदापाशी बसवायचा की गच्चीवर? वर्गात विचारून पाहा. ‘कुठेही बसवा, काय फरक पडतो?’ असं बरेच जण म्हणतील. पण गच्चीवर बसवलेला पंप कितीही दांडगा असला तरी पाणी ओढू शकणार नाही.

या कोड्याशी पूर्वी मोठमोठी माणसं झटली आहेत. १६३० साली जिनोव्हाच्या बाल्यानीने गॅलिलिओला पत्र लिहिलं : सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून वक्रनळीने पाणी पलीकडे न्यायचं आहे, पण ते वाहतच नाही. गॅलिलिओचं उत्तर असं : फार लांब दोर स्वतःच्या वजनानेच तुटतो, तसा पाण्याचा स्तंभही तुटतो. बाल्यानीचा संशय मात्र हवेच्या वजनावर होता.

गॅलिलिओच्या १६३८च्या पुस्तकात एक मजेदार प्रसंग आहे. हौदातली पातळी उतरली आणि पंप पाणी देईना. बिघडला असेल म्हणून कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, पंप ठीक आहे. अठरा हातांच्या वर पाणी ओढलं जातच नाही. म्हणजे सुमारे १० मीटर. कारागिराला मर्यादा अचूक ठाऊक होती, कारण मात्र गॅलिलिओलाही सापडलं नव्हतं.

ते दाखवलं टॉरिचेल्लीने, १६४४ साली. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा हौदातल्या पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते. तिची ताकद १० मीटर पाणी पेलण्याइतकीच. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवरच थांबतो.

हवेचंच हे काम असेल, तर डोंगरावर पारा खाली यायला हवा. पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने, पेरिएने, १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्वी द दोम पर्वतावर नळी नेली. पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला!

उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरली की शेतकरी पंपही खालच्या टप्प्यावर उतरवतो, तो याचसाठी. प्रत्यक्षात घर्षण आणि गळतीमुळे मर्यादा सात मीटरच्या आसपासच येते. खालून ढकलणाऱ्या पंपाला मात्र ही अट नाही. तिथे मोटारीची ताकद कामी येते.

आता मुलांना विचारा : महाबळेश्वरला ही मर्यादा वाढेल की घटेल?