सुलभ सार्वजनिक वाहतूक ॲप

बस, लोकल, मेट्रो यांचे वेळापत्रक, गाडीचा ठावठिकाणा आणि तिकीट मोबाइलवर देणारे, तसेच अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, चालण्यात अडचण असलेल्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशांना कुणाच्या मदतीवाचून वापरता येईल असे घडवलेले ॲप.

अंध प्रवासी पडद्यावरून बोट फिरवतो. बोटाखाली जे येईल ते अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर वाचून दाखवतो. ॲप घडवणाऱ्याने बटणाला नाव दिले नसेल, तर कानावर पडते नुसते ‘बटण’. ते तिकीट काढायचे की रद्द करायचे, हे दाबल्यावरच कळणार. नकाशावर सरकणारी बस त्याच्या कामाची नाही. ‘८३ क्रमांक, दोन थांबे मागे’ अशी ओळ लागते. ती ओळ दर काही सेकंदांनी बदलताना वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर थांब्याचे नाव ऐकून होईस्तोवर गाडी निघून जाते. पुणे मेट्रोच्या ‘पर्पल’ आणि ‘ॲक्वा’ मार्गांसारखे रंगनामांचे मार्ग नुसत्या रंगाने दाखवले, की रंगांधळ्या प्रवाशाची पंचाईत होते. सोबत अक्षर हवेच. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकासाठी डब्ल्यूसीएजी या डिजिटल सुलभतेच्या जागतिक निकषांत किमान ४.५:१ हे प्रमाण दिले आहे.

खरी अडचण मात्र पडद्यामागच्या माहितीत असते. वेळापत्रके सामायिक करण्याचा जीटीएफएस हा साचा २००५च्या सुमारास पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून निघाला. त्यात थांब्यावर व्हीलचेअरसह गाडीत चढता येते का, यासाठी रकाना आहे: १ म्हणजे येते, २ म्हणजे येत नाही, ० म्हणजे माहिती नाही. हा रकाना कोराच ठेवला, तर उत्तम घडवलेले ॲपही गप्प राहते. ‘माहिती नाही’ हे तरी प्रवाशाला स्पष्ट सांगावे. थांब्यावर पोहोचून परत फिरण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. स्थानकाची लिफ्ट आज बंद असल्याची वार्ता घरून निघण्यापूर्वी मिळणे हे तितकेच मोलाचे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याची कलमे ४१ व ४२ अनुक्रमे वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या सुलभतेविषयी आहेत. डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले.

शेवटच्या दहा पावलांपुढे ॲप तोकडे पडते. जीपीएसची चूक काही मीटरांचीच असते, पण तेवढ्यात थांब्याचा खांब हुकतो. शिवाय बस खांबाच्या बरीच पुढे थांबते आणि तिच्यामागे आणखी दोन उभ्या असतात. यासाठी दिल्लीच्या आयआयटीत ‘ऑनबोर्ड’ हे उपकरण तयार झाले. मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर त्याची चाचणीही झाली. प्रवासी हातातले बटण दाबतो, जवळ आलेल्या गाड्यांचे क्रमांक ऐकतो, आपला निवडतो. मग त्या गाडीच्या दाराशी लावलेला स्पीकर बोलतो आणि त्या आवाजाच्या रोखाने तो दारापर्यंत जातो.