घरच्या संगणकाचा राखणदार कोण? ‘जोशी’ विषाणूपासून रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकापर्यंत

१/ तारीख ५ जानेवारी. संगणक सुरू केला की पडद्यावर फर्मान उमटे : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. ते शब्द टाइप होईपर्यंत यंत्र जागचे हलत नसे. जून १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या या विषाणूचे नाव जगभर ‘जोशी’ असेच रूढ झाले.

२/ त्या काळी विषाणूला इंटरनेटची गरज नव्हती. तो फ्लॉपीच्या ‘बूट सेक्टर’मध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, दडून बसे. पुण्याहून सोलापूरला रेल्वेने येणाऱ्या माणसाच्या खिशातील एक फ्लॉपी संसर्ग पोहोचवायला पुरेशी होती. ती संगणकात विसरून यंत्र पुन्हा सुरू केले, की काम झाले.

३/ अशा वेळी दोष कोणाचा? विषाणू लिहिणाऱ्याचा, फ्लॉपी देणाऱ्याचा, यंत्र विकणाऱ्याचा, की ती फ्लॉपी विश्वासाने आत सरकवणाऱ्याचा? गेल्या साडेतीन दशकांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. तो बदल कसा घडला, हा या धाग्याचा विषय.

४/ पहिले उत्तर होते : ज्याचे यंत्र, त्याची काळजी. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ विषाणू पसरला, तेव्हा त्यात त्यांच्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होते. उपचारासाठी आमच्याशी संपर्क साधा, असा निरोपही होता. रोग आणि वैद्य एकाच पत्त्यावर!

५/ महाराष्ट्रात हा भार प्रथम उचलला तो दुरुस्तीच्या दुकानांनी. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करू लागले. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत खराब भागांइतकाच विषाणूंचाही उपद्रव त्यांना दिसू लागला.

६/ त्यांचे धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. ६ मार्चला डिस्कवरील माहिती पुसून टाकणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’सारख्या विषाणूंवर त्यांनी उतारे लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे राहिले. ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाली.

७/ या यशोगाथेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. सुरक्षा आता विकत मिळू लागली. पण विकत मिळते ती वस्तू न घेणाऱ्यावरच दोष येतो. वर्षाचे नूतनीकरण चुकले, तर चूक घरमालकाची. यंत्र मुळातच कच्चे का घडवले गेले, हा प्रश्न मागे पडला.

८/ दुसरे उत्तर कायद्याने दिले. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या ईमेलने जगभरातील संगणक ठप्प केले. संशयित फिलिपिन्समध्ये सापडला. पण तेथे त्या कृत्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, म्हणून त्याच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले.

९/ भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्याच्या कलम ४३ ने परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर १ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईची जबाबदारी टाकली.

१०/ तत्त्व निर्दोष होते : गुन्हा करणाऱ्याने भरावे. व्यवहार मात्र अवघड. विषाणू लिहिणारा बहुधा परदेशात आणि निनावी. नुकसान झालेला माणूस सोलापुरात, आपल्या पुसल्या गेलेल्या हिशेबांसमोर. शिवाय हे कलम विषाणू सोडणाऱ्यापुरते होते. सदोष प्रणाली विकणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

११/ तो निर्माता चर्चेत आला ११ ऑगस्ट २००३ रोजी. ‘ब्लास्टर’ या विषाणूला ना फ्लॉपी लागे, ना ईमेल उघडावा लागे. विंडोज एक्सपी असलेला संगणक नुसता इंटरनेटला जोडला, तरी तो शिरत असे. विंडोजमधील ज्या फटीतून तो येई, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. असंख्य घरांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

१२/ पोहोचणार तरी कशी? डायल-अप जोडणीवर मोठी सुधारणा उतरवायला तासन् तास लागत आणि प्रत्येक मिनिटाचे बिल येई. अनेक घरांत विंडोजची प्रत चोरटी असे आणि तिला सुधारणा देण्याची भीती वाटे. एक्सपीमध्ये संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल होती. पण ती बंद ठेवूनच प्रणाली विकली जात होती.

१३/ ऑगस्ट २००४ च्या ‘सर्व्हिस पॅक २’ पासून ती भिंत आपोआप चालू मिळू लागली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये अँटिव्हायरसही प्रणालीतच आले. घरमालकाला काही नवे शिकावे न लागता त्याचे घर अधिक सुरक्षित झाले. दार विकणाऱ्याने कुलूपही द्यावे, हे मान्य व्हायला एवढी वर्षे लागली.

१४/ चौथा वाटेकरी शासन. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. बाधित संगणक ओळखायचे, इंटरनेट कंपन्यांमार्फत मालकाला कळवायचे आणि सफाईची साधने मोफत द्यायची, असे त्याचे काम. ती साधने पुरवणाऱ्यांत क्विक हीलही होती. नावातला ‘स्वच्छता’ हा शब्द बोलका आहे : अंगण ज्याचे त्याने झाडावे, पण गटार नगरपालिकेचे.

१५/ सर्वांत नेमके उत्तर आले रिझर्व्ह बँकेकडून. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले, की दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशा अनधिकृत ऑनलाइन व्यवहाराची सूचना ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत दिली, तर त्याचे दायित्व शून्य. दोष ग्राहकाचाच, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. सोलापूरसारख्या सहकारी बँकांच्या शहराला याचे मोल विशेष.

१६/ ग्राहक मात्र पूर्ण मोकळा झाला नाही. पासवर्ड स्वतःच कोणाला दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे घरमालकाचा वाटा उरला, पण तो मोजका झाला : सुधारणा थांबवू नये, गुपित सांगू नये, संशय येताच कळवावे.

१७/ ‘जोशी’च्या काळात सारा भार त्याच्यावर होता, ज्याला यंत्राची सर्वांत कमी माहिती होती. पुढे तो कायदा, निर्माता, शासन आणि बँक यांच्यात वाटला गेला. ही वाटणी आपोआप झाली नाही. बहुतेक वेळा आधी कोणाचे तरी मोठे नुकसान झाले. आज तोच प्रश्न घरातल्या मोबाइलबाबत उभा आहे. आजोबांच्या खात्यातून पैसे गेले, की घरात पहिला प्रश्न येतो : ‘तुम्ही कशाला दाबलंत?’ त्याच दमात दुसराही विचारला पाहिजे : ते दाबताच पैसे जातील, अशी व्यवस्था कोणी केली?