कोर्सरोड म्हणजे काय? डिग्रीला काय बाकी आहे ते दाखवणारं विद्यार्थ्यांचं टूल

डिग्री पूर्ण व्हायला तुमचे नेमके कोणते विषय बाकी आहेत, हे आत्ता मोबाईल बघून सांगता येईल का? मार्कशीटवर झालेलं दिसतं, राहिलेलं दिसत नाही. एखादा सक्तीचा विषय राहिल्याचं शेवटच्या सेमिस्टरला कळलं, तर आणखी एक सेमिस्टर, तिची फी आणि हातात आलेली नोकरी, सगळंच अडकतं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (पुण्यातली नव्हे, मॅसॅच्युसेट्समधली) यावर विद्यार्थ्यांनीच कोर्सरोड नावाचं वेब ॲप बनवलं. १९६९ पासून चालू असलेला एसआयपीबी हा तिथला विद्यार्थ्यांचा कॉम्प्युटर क्लब ते सांभाळतो. कोड ओपन सोर्स आहे. विद्यापीठाचा अधिकृत प्रगती-अहवाल असतोच, पण पुढच्या सेमिस्टरमध्ये 'हा विषय घेतला तर काय होईल' हे आधीच मांडून बघणं ही कोर्सरोडची खासियत.

वापरायला सोपं आहे. स्क्रीनवर चार वर्षांच्या सेमिस्टर दिसतात. विषय उचलायचा आणि हव्या त्या सेमिस्टरमध्ये टाकायचा. बाजूला डिग्रीच्या अटींची यादी असते आणि विषय टाकला की ती किती भरली ते लगेच बदलतं. आधीचा आवश्यक विषय झालेला नसेल, किंवा तो विषय त्या सेमिस्टरमध्ये शिकवतच नसतील, तर इशारा येतो. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन वेगवेगळे प्लॅनही ठेवता येतात. ब्रँच बदलायचा विचार असेल तर हे फारच कामाचं.

खरी मेहनत मात्र मागे आहे. तिथे प्रत्येकाला १७ सामाईक विषय करावे लागतात: ६ विज्ञान-गणिताचे, ८ मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रांचे, २ विज्ञान-तंत्रज्ञानाचे निवडक आणि १ प्रयोगशाळेचा. शिवाय लेखन-भाषणावर भर देणारे ४ विषय. आता गंमत बघा, मानव्यविद्येचा एखादा विषय या लेखनाच्या अटीतही मोजला जातो. म्हणजे नुसती बेरीज केली तर हिशोब चुकणार. म्हणून अटी यादीच्या आत यादी अशा लिहिलेल्या असतात: 'हे सगळे करा', 'यातला एक निवडा', 'यातले दोन'. प्रोग्रॅम एकेक फांदी तपासत वर येतो.

त्यात नियम बदलतात. २०२२ मध्ये तिथल्या कॉम्प्युटर विभागाने विषयांचे नंबरच बदलले, अल्गोरिदमचा ६.००६ हा ६.१२१० झाला. जुना आणि नवा विषय एकच आहे, हे प्रोग्रॅमला कोणीतरी सांगावं लागतं. म्हणजे ॲप एकदा बनवून सोडून देता येत नाही, दरवर्षी नवी मुलं पुढे यावी लागतात. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. आणि हो, कोर्सरोड स्वतःच बजावतं की हे अनधिकृत आहे, शेवटी विभागाकडून खात्री करून घ्या.

आपल्याकडे काय? २०२१ मध्ये सुरू झालेली ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, तुमचे मिळवलेले क्रेडिट जमा ठेवते. डिजिलॉकरमधून आयडी काढता येतो. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. पण १२० चा आकडा भरला म्हणून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि स्किलचे कप्पे भरलेच असं नाही. तोवर गुगल शीटमध्ये चार कॉलम करा: कप्पा, लागणारे क्रेडिट, मिळालेले, आणि राहिलेले कोणत्या सेमिस्टरला घेणार. अटी मात्र तुम्ही ॲडमिशन घेतलेल्या वर्षाच्या सिलॅबसमधूनच घ्या, सीनियरच्या नाही.