भरतीपासून वाचवलेली जमीन

पूनम सागरमध्ये बसून शेतजमीन वाचवण्यावर बोलायचं, हे अनेकांना विचित्र वाटेल. पण मीरा रोडचा हा सखल पट्टा एके काळी भातशेती, खाजण आणि मिठागरांचा होता. इथल्या जमिनीच्या संरक्षणाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. फरक इतकाच, की तेव्हा भीती इमारतींची नव्हती, भरतीची होती.

१८७० साली ब्रिटिश सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी यांच्याशी मीरा, भाईंदर, घोडबंदर या गावांबाबत ९९९ वर्षांचा करार केला. अट होती बांध घालण्याची, म्हणजे समुद्राचं पाणी शेतात शिरू नये. खारबांधाचं तंत्र साधं. भरतीला उघाडीचं दार बंद राहतं, ओहोटीला उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. बांध फुटला की शेत खारटतं आणि काही वर्षं भात होत नाही. म्हणूनच १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ साली दुसरा.

माणसापासून शेत वाचवणारे कायदे निराळे. कूळकायद्याच्या कलम ६३ ने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकायला मनाई केली. १९६६ साली दोन मोठे कायदे आले. जमीन महसूल संहितेने 'एनए' परवानगी सक्तीची केली आणि नगररचना कायद्याने नकाशावर विभाग आखले. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेतीचा.

पण रंग बदलता येतो. त्याच नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेसाठी कलम २० आहे, विकास आराखड्यासाठी कलम ३७ आहे. पुढे तर आराखड्यात बांधकामाला मोकळ्या ठेवलेल्या जमिनींसाठी वेगळ्या एनए परवानगीची गरजच उरली नाही. आपल्याकडे १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, १९९७ साली विकास आराखडा मंजूर झाला, २००२ साली महानगरपालिका आली. शहराला घरं हवीच होती, ते नाकारून चालणार नाही. मुंबईतून उठलेला माणूस जाणार कुठे?

खाडीपलीकडे वसईत काय झालं? १९९० साली तिथल्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. केळी, पानवेली आणि फुलांच्या बागा धोक्यात आल्या, टँकरवाले विहिरी उपसू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि लोक रस्त्यावर उतरले. पश्चिमेकडच्या बागायतीचा काही भाग आजही हिरवा दिसतो, त्यात या लढ्याचा मोठा वाटा आहे.

मात्र आंदोलन कायम चालत नाही. त्याला व्यवस्थेची जोड लागते. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माँटगोमेरी परगण्याने १९८० साली सुमारे ९३ हजार एकर जमीन शेतीसाठी राखली. पंचवीस एकरांत एकच घर, असा नियम केला. मग शेतकऱ्याचं नुकसान? त्याला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क दिला. तो हक्क त्याने बिल्डरला विकायचा, बिल्डरने तो गावाबाहेर, ठरलेल्या जागी वापरायचा. शेत शेतकऱ्याकडेच राहिलं, हातात पैसेही आले.

हा हक्क ओळखीचा वाटतोय ना? आपला टीडीआर तोच! मुंबईत १९९१ च्या नियमावलीने तो आणला, पण रस्ते आणि आरक्षणांची जमीन ताब्यात घेण्यासाठी. जमीन द्या, हक्क घ्या. तिकडे मात्र जमीन ठेवा आणि हक्क विका. हत्यार एक, हेतू उलटे.

आपल्या हिरव्या पट्ट्याची खरी उणीव इथे आहे. तो शेतकऱ्याला काय करू नको ते सांगतो, बदल्यात काही देत नाही. शेजारच्याची जमीन पिवळी होऊन तो श्रीमंत होतो आणि हिरव्यातला माणूस रंग बदलायची वाट पाहत बसतो. उत्तन, डोंगरी, पालीकडे अजून वाड्या आहेत, थोडी शेती आहे. पुढचा आराखडा हरकतींसाठी येईल तेव्हा आपण पार्किंग आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न लेखी विचारायला हवा: हिरवं राखणाऱ्याला शहर काय देणार? १८७० मध्ये बांधाचा खर्च कोणी करायचा, ते आधी ठरलं होतं. आपण ते अजून ठरवलेलं नाही.