मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो : बेटांवर राखलेले कसब

आजचा धागा एका दिवसाच्या बोटप्रवासाचा आहे. व्हेनिसच्या उत्तर काठावरील फोंदामेंते नोवे या धक्क्यावरून सार्वजनिक बोट सुटते. समोरच उंच भिंतीआड सायप्रसची झाडे दिसतात. ते सान मिकेले, म्हणजे शहराच्या दफनभूमीचे बेट. ते मागे टाकले की थोड्याच वेळात मुरानो येते, तिथून खाजणातून अर्धा-पाऊण तास गेल्यावर बुरानो, आणि बुरानोपासून अगदी जवळ तोर्चेल्लो. प्रवासी काच पाहतात, लेस पाहतात, एक जुने चर्च पाहतात आणि संध्याकाळी परततात. बोटीचा हा क्रम इतिहासाच्या उलट आहे. सर्वांत जुने बेट शेवटी येते. तिथवर एक प्रश्न सोबत असू द्या : हातातले कसब कोणाच्या मालकीचे? ज्याच्या हातात ते आहे त्याच्या, की तो ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या?

१२९१ मध्ये व्हेनिसच्या महापरिषदेने शहरातील काचेच्या भट्ट्या मुरानोला हलवण्याचा आदेश दिला. कारण आगीचे सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. लाकडी घरांच्या दाट वस्तीत अहोरात्र पेटलेली भट्टी म्हणजे टांगती तलवारच. पण एका बेटावर एकवटलेल्या कारागिरांवर नजर ठेवणे सोपे जाते, हा फायदाही राज्यकर्त्यांना कळत होताच. त्याच्या वीस वर्षे आधी, १२७१ मध्ये, काचकारांच्या संघाची नियमावली लिहिली गेली होती. पुढे बाहेरच्या प्रदेशात जाऊन धंदा करण्यावर बंदी आली.

एवढे जपण्यासारखे काय होते? पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर या मुरानोच्या काचकाराचे नाव ‘क्रिस्टालो’ या काचेशी जोडले गेले. नदीपात्रातल्या पांढऱ्या गारगोट्यांची पूड, पूर्व भूमध्य प्रदेशातून येणारी व शुद्ध केलेली वनस्पतींची राख आणि हिरवट झाक घालवण्यासाठी किंचित मँगनीज, यांतून स्फटिकासारखी नितळ काच निघाली. तोपर्यंतची बहुतेक काच हिरवट, पिवळट वा धुरकट असे. युरोपच्या दरबारांना या काचेचे वेड लागले.

कारागिरांना मान भरपूर मिळाला. काचकाराच्या मुलीने व्हेनिसच्या सरदाराशी विवाह केला, तर त्यांच्या मुलांचे सरदारपद अबाधित राही. सतराव्या शतकाच्या आरंभी मुरानोच्या घराण्यांची नोंद करणारा ‘सुवर्णग्रंथ’ही सुरू झाला. सोन्याचा असला तरी पिंजराच तो!

या पिंजऱ्याबद्दल एक लोकप्रिय दंतकथा आहे : पळालेल्या प्रत्येक काचकारामागे मारेकरी धाडले जात. धमक्या होत्या, कठोर कायदे होते, हे खरे. परंतु लोक तरीही जात होते, आणि त्याचे एक कारण अगदी पोटाचे होते. दरवर्षी काही महिने भट्ट्या बंद राहत. त्या काळात हाताला काम नसे. १५७५ मध्ये जाकोमो व्हेर्झेलिनी या व्हेनिसहून आलेल्या काचकाराला लंडनमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने व्हेनिस पद्धतीची काच बनवण्याचा एकवीस वर्षांचा एकाधिकार दिला. जेनोवाजवळच्या आल्तारे गावाने तर उलटाच मार्ग धरला : तिथला काचकारांचा संघ आपली माणसे स्वतःहून परदेशी पाठवी. १६१२ मध्ये फ्लॉरेन्सला अंतोनिओ नेरीचे काचविद्येवरील पुस्तक छापले गेले आणि गुपिते पुस्तकाच्या दुकानात आली.

सर्वांत मोठा घाव चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने घातला. १६६५ मध्ये फ्रान्सने आरशांचा राजकीय कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फितवून नेले. १६६७ मध्ये त्यांतले दोघे मरण पावले. विषप्रयोगाची कुजबुज झाली, सिद्ध काही झाले नाही. बाकीच्यांपैकी अनेक जण घरी परतले. तोवर फ्रेंच हात शिकले होते. १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे आहेत, तेही फ्रान्समध्येच घडलेले.

आता बुरानो. रंगीत घरांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतीलच, ती सोडून देऊ. इथली लेस सुईने विणतात. चर्मपत्रावरील नक्षी कापडावर टाचायची, रेषांवरून दोरा बसवायचा, मधली जागा काजाच्या टाक्यांनी भरायची आणि शेवटी खालचे दोरे कापून लेस मोकळी करायची. पायाला कापड उरतच नाही, म्हणून या प्रकाराचे इटालियन नाव ‘हवेतला टाका’. एकेका तुकड्यावर अनेक जणींचे हात फिरत. कोल्बेरने काचेबरोबर याही कलेवर डोळा ठेवला होता. फ्रान्सला लेस शिकवायला व्हेनिसच्या बायका नेल्या गेल्या.

एकोणिसाव्या शतकात ही कला बुरानोतच विझत आली. १८७२ च्या कडक हिवाळ्यानंतर मच्छीमारांची घरे उपासमारीला आली, तेव्हा राजकारणी पाओलो फांब्री आणि काउंटेस आंद्रियाना मार्चेल्लो यांनी लेसशाळा काढायचे ठरवले. पण शिकवणार कोण? जुना टाका जिला नीट येत होता अशी सत्तरीची एक म्हातारी सापडली : व्हिंचेन्झा मेमो, गावात ‘चेंचा स्कारपारिओला’. तिला विणता येई, समजावून सांगता येत नसे. मग गावच्या शिक्षिका आन्ना बेल्लोरिओ देस्ते तिच्याजवळ बसून, तिची बोटे पाहत पाहत शिकल्या आणि त्यांनी आठ मुलींना शिकवले. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. मुरानोचे गुपित बाहेर जाऊ नये म्हणून राज्याने कायदे केले. इथे मात्र उसंत मिळाली नसती तर सारे एका म्हातारीबरोबर मातीत गेले असते. शाळा विसाव्या शतकात बंद पडली. त्याच इमारतीत आता लेसचे संग्रहालय आहे.

शेवटी तोर्चेल्लो. इथल्या कॅथेड्रलची स्थापना ६३९ ची. व्हेनिस वाढण्याआधी हे बेट भरभराटलेले होते. पुढे खाजण गाळाने भरले, हिवताप आला, माणसे निघून गेली आणि ओसाड इमारतींचे दगडविटाही व्हेनिसच्या बांधकामांवर गेल्या. आज जेमतेम दहा-बारा माणसे राहतात. कॅथेड्रलच्या भिंतीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनी जडवलेले आहे. आणि १९६१-६२ मध्ये पोलिश पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराची एक काचेची भट्टी सापडली. मुरानोच्या आदेशापूर्वी कित्येक शतके, संघाची नियमावली लिहिली जाण्याआधी, इथे कोणीतरी काच वितळवत होते. त्यांची नावे कोणत्याही सुवर्णग्रंथात नाहीत.

परतीच्या बोटीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या पाहून ठेवा.