वेरूळचा ‘महारवाडा’ आणि पाहुणे

आमच्या भागात पाहुणा आला की त्याला वेरूळ दाखवायला नेण्याची रीत आहे. पाहुणा मुंबईचा असो की नागपूरचा, चहा झाला की लेण्यांचा विषय निघतोच. दौलताबादचा किल्ला मागे टाकून, खुलताबादचा घाट उतरून आपण डोंगराच्या पायथ्याशी येतो. कैलासासमोर पाहुणा तासभर उभा राहतो. पाचव्या लेण्याशी मात्र आम्हीच अडखळतो. या लेण्याचे लोकांच्या तोंडी असलेले नाव ‘महारवाडा’ असे आहे. दाखवणारा ते नाव पटकन उच्चारतो, पाहुणा गप्प होतो, आणि दोघेही ‘सुताराच्या झोपड्या’कडे सरकतात. या गप्प बसण्यात आपल्या मुलखाचा मोठा इतिहास गाडला गेला आहे. तो सांगितल्याशिवाय आपण पाहुण्याला आपला प्रदेश दाखवला, असे म्हणता येणार नाही.

वेरूळला एकूण ३४ लेणी क्रमांक लावून नोंदलेली आहेत. दक्षिणेकडील १ ते १२ बौद्ध, मधली १३ ते २९ ब्राह्मणी आणि उत्तरेकडील ३० ते ३४ जैन. पाचवे लेणे हा सुमारे ११७ फूट खोल असा लांबलचक विहार आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांपलीकडे भिक्खूंच्या खोल्या, शेवटी गाभाऱ्यात बुद्ध. सभागृहाच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडात कोरलेले दोन बुटके, लांब ओटे आहेत. भिक्खू येथे रांगेने बसत. ते भोजनासाठी बसत की पठणासाठी, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. परंतु एका सपाटीच्या ओट्यावर सारा संघ बसत होता, एवढे तो दगडच सांगतो. अशा जागेला गावाने ‘महारवाडा’ म्हटले.

हे नाव फार अलीकडचे नाही. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट १७९४ साली वेरूळला आला. त्याच्या प्रेरणेने जेम्स वेल्स या चित्रकाराने लेण्यांची रेखाटने केली. मॅलेटचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापले गेले आणि वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने तयार केलेली चित्रे १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या चित्रांत ‘ढेडवाडा’ या नावाचे लेणे आहे. गावाने वस्तीला दिलेली शिवी अशी सातासमुद्रापार जाऊन विलायतेतल्या दिवाणखान्यात पोचली. मॅलेटने ती स्वतःच्या मनाने खासच रचली नव्हती. परक्या मुलखात आलेल्या प्रवाशाला गाव जे सांगते, तेच तो लिहून घेतो. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथातही ही नावे नोंदली गेली. तोवर ही लेणी बौद्धांची आहेत हे विद्वानांना ठाऊक झाले होते. माहिती बदलली, पण नाव टिकले. ‘दो ताल’ या लेण्याचा गाडलेला तळमजला १८७६ साली उघडा झाला. म्हणजे ते तीन मजल्यांचे निघाले. तरी ते आजही ‘दो ताल’च आहे. माती उपसली म्हणून नाव उपसले जात नाही.

आता सगळ्या डोंगराची नावे एका ओळीत मांडून पाहा. ब्राह्मणी लेण्यांना कैलास, दशावतार, रामेश्वर. जैन लेण्यांना इंद्रसभा, जगन्नाथसभा. बौद्ध चैत्यगृहाला सुताराचे झोपडे आणि बौद्ध विहाराला महारवाडा! चैत्यगृहातील बुद्धाला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी त्याची पूजा करीत, अशीही नोंद आहे. बुद्ध कोण हे विसरलेल्या समाजाने त्याच्या घरांना नावे देताना दुसरे काय केले? आपल्या गावाचा नकाशा त्याने डोंगरावर पसरला. देवांना सभा आणि पर्वत मिळाले, कारागिराला झोपडे मिळाले आणि डोंगराच्या एका टोकाला गावकुसाबाहेरची वस्ती वसवली गेली.

येथे एक मोह आवरला पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, असा सिद्धान्त मांडला. ‘महारवाडा’ हे नाव म्हणजे त्या सिद्धान्ताचा पुरावाच, असे आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते सांगतात. केवळ एका नावावर एवढा भार टाकू नये. हे नाव भिक्खूंच्या काळाविषयी काही सिद्ध करीत नाही. त्यांच्यानंतर जे आले, त्यांनी बुद्धाच्या अवशेषांकडे कोणत्या नजरेने पाहिले, ते मात्र हे नाव निर्विवाद सांगते. तेवढी साक्षही कमी नाही.

दाखवणाऱ्याचाही इतिहास पाहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात वाट दाखवणे हे महाराचे काम होते. शिवेचा दगड त्याला ठाऊक, पाऊलवाटा त्याला ठाऊक. आल्यागेल्या अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवणेही त्याच्याच माथी. मुलूख सर्वांत जास्त त्याच्या पायाखालचा होता, पण त्या मुलखाची गोष्ट सांगण्याचा अधिकार दुसऱ्यांचा होता. त्याच्याकडे जे ज्ञान हक्काने आले, ते मनाईचे: कोणत्या विहिरीवर जायचे नाही, कोणत्या आळीतून चालायचे नाही, कुठे थांबून हाक मारायची.

हे मनाईचे ज्ञान पाहुण्याला सांगितले नाही म्हणून काय होते, ते १९३४ साली दौलताबादला दिसले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, असे सुमारे तीस जण, वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील आपले लोक गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभे होते. आधी चहापाणी घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह होता. दिवस मावळण्यापूर्वी किल्ला पाहायचा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली. रमजानचा महिना होता. दरवाजाजवळच्या भरलेल्या टाक्यावर धुळीने माखलेल्या काहींनी हातपाय धुतले, आणि ढेडांनी पाणी बाटवले असा ओरडा करीत एक वृद्ध मुसलमान धावत आला. जमाव जमला. आम्ही बाहेरगावचे, इथला रिवाज आम्हाला ठाऊक नाही, असे पाहुण्यांनी सांगताच जमाव स्थानिक अस्पृश्यांवर उलटला. हे पाणी तुमचे नाही, हे या परक्यांना तुम्ही का सांगितले नाही, असा जाब त्यांना विचारला गेला. ते बिचारे तर नंतर येऊन पोचले होते. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि हत्यारबंद शिपाई सोबत देऊन पाहुण्यांना आत सोडण्यात आले. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. धर्म दुसरा होता, पण पाण्याची शिवाशिव तीच होती. आणि यजमानाचा अपराध कोणता? पाहुण्याला त्याची पायरी दाखवली नाही, हा!

त्यानंतर काळ बदलला. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपली माणसे वेरूळला येऊ लागली ती वारसदार म्हणून. १९८३ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. आता तर ‘आमचे गाव पाहायला या’ अशी निमंत्रणे शहरभर लागतात. पाहुण्याला चुलीवरची भाकरी मिळते, बैलगाडी मिळते, पाटलाचा वाडा दिसतो. बौद्धवाड्यातला विहार त्या फेरीत क्वचितच असतो. जुन्या विहिरीवर कोण पाणी भरत होते आणि कोण ओंजळ पसरून दूर उभे होते, हे कोणी सांगत नाही.

आपलेच काही मित्र म्हणतात, ‘महारवाडा’ हे नाव अपमानाचे आहे, ते उच्चारूच नका. त्यांची वेदना खोटी नाही. परंतु नाव गिळले तर ते ठेवणारे सुटतात, आणि पुढच्या पिढीला वाटते की हा डोंगर कायमच असा निष्पाप होता. नाव सांगावे, पण एकटे सांगू नये. त्या दोन ओट्यांशी पाहुण्याला थांबवावे. उपाली न्हावी आणि सुनीत भंगी ज्या संघात समानतेने सामावले गेले, त्या संघाची ही बैठक, हे आधी सांगावे. मग या बैठकीला गावाने काय नाव दिले ते सांगावे, आणि परतताना दौलताबादच्या दरवाजाशी १९३४ ची हकीकत सांगावी.

आणि निघण्यापूर्वी चहा आपल्या वस्तीतच घ्यावा. दौलताबादच्या तोंडाशी उभे राहिलेल्या त्या यजमानांचा आग्रह तेवढाच होता.